प्रबंध चढवला, पण शोधणाऱ्याला तो सापडतो का? विद्यापीठाच्या डिजिटल रेपॉझिटरीसाठी सविस्तर मार्गदर्शक

आपल्या विद्यापीठाची किंवा महाविद्यालयाची रेपॉझिटरी, म्हणजे प्रबंध-निबंधांचं ऑनलाइन भांडार असेल, तर पुढचं वाचण्याआधी एक परीक्षा घ्या. मोबाइलचं वायफाय बंद करून स्वतःचा डेटा चालू करा, म्हणजे कॅम्पसच्या नेटवर्कबाहेर जाल. रेपॉझिटरीतले दहा प्रबंध निवडा, पाच इंग्रजी आणि पाच मराठी, थोडे जुने, थोडे नवे. एकेकाचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गुगल स्कॉलरवर, म्हणजे गुगलच्या संशोधनासाठीच्या शोधयंत्रावर शोधा. मग शीर्षक बाजूला ठेवून तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातलं एखादं वाक्य साध्या गुगलवर टाका. काय सापडलं आणि काय नाही, ते वहीत उतरवून ठेवा.

बहुतेक ठिकाणी इथेच धक्का बसतो. इंग्रजी प्रबंध निम्मेशिम्मे सापडतात. मराठी प्रबंध शीर्षकाने कधीमधी, आणि आतल्या वाक्याने जवळजवळ कधीच नाही. फाइल सर्व्हरवर आहे, डाउनलोड होते, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात आकडाही गेला आहे. तरी बाहेरच्या माणसाच्या लेखी तो प्रबंध नाहीच. कारण हा माणूस आपल्या मुख्यपृष्ठावरून आत येत नाही, शोधयंत्रातून येतो. शोधयंत्राला आपल्या पानावरचं आणि फाइलमधलं काय वाचता आलं, यावर सगळं ठरतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने मांडल्या आहेत.

शोधगंगा असताना आपली वेगळी कशाला?

हा प्रश्न प्राचार्य, कुलसचिव आणि लेखा विभाग हमखास विचारतात. यूजीसीच्या २००९च्या नियमावलीपासून पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं. २०१६ आणि २०२२च्या नियमावल्यांतही पदवी जाहीर होण्याआधी ती प्रत इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राला द्यायची असं आहे. गांधीनगरचं हे केंद्र शोधगंगा हे देशभरच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार चालवतं आणि विद्यापीठं त्याच्याशी सामंजस्य करार करतात. ते काम करायचंच, त्याला पर्याय नाही.

पण शोधगंगेत प्रबंध जातात. प्राध्यापकांचे शोधनिबंध, विभागाचं जुनं त्रैमासिक, चर्चासत्रांची इतिवृत्तं, सर्वेक्षणांचे अहवाल, दुर्मीळ पुस्तकं यांना तिथे जागा नाही. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुनी पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून डीस्पेस या रेपॉझिटरीच्या सॉफ्टवेअरवर ठेवले. अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांचा किती उपयोग होतो, ते वापरणाऱ्यांना विचारा. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठ यांनीही आपापल्या रेपॉझिटऱ्या उभ्या केल्या. कृषी विद्यापीठांसाठी कृषिकोश ही सामायिक रेपॉझिटरी आहे. राहुरी किंवा अकोल्याच्या प्रबंधासाठी पहिली जागा तीच.

अलीकडे आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं, आता सगळ्यांना सगळं वाचता येईल. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेली ही योजना सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, पत्रकार, शेतकरी गट किंवा स्वतंत्रपणे काम करणारा अभ्यासक त्यात येत नाही. शिवाय ती योजना आपल्याला दुसऱ्यांचं वाचायला देते, आपलं दुसऱ्यांपर्यंत पोचवत नाही.

सॉफ्टवेअर निवडताना

आपल्याकडे बहुतेक जण डीस्पेस वापरतात. एमआयटीची ग्रंथालयं आणि एचपी यांनी मिळून ते २००२मध्ये आणलं. साउदॅम्प्टन विद्यापीठाचं ईप्रिंट्स त्याहून थोडं जुनं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आपली रेपॉझिटरी त्यावरच उभी केली. दोन्ही मोफत. पण सॉफ्टवेअर मोफत असलं, तरी सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस मोफत मिळत नाही. डीस्पेस ७पासून मांडणी पूर्ण बदलली आहे. जावा, पोस्टग्रेस, सोलर आणि वर वेगळा अँग्युलरचा दर्शनी भाग, असं सगळं सांभाळावं लागतं. संगणक विभागातला एखादा उत्साही विद्यार्थी हे बसवून देतो, पदवी घेऊन निघून जातो, आणि मग अपडेट करायला कुणी उरत नाही. त्यामुळे आधी माणूस ठरवा, मग सॉफ्टवेअर.

माणूस नसेल तर सर्व्हरच्या फंदात पडू नका. छोट्या महाविद्यालयाला झेनोडो ही तयार ऑनलाइन रेपॉझिटरी पुरते. युरोपातली सर्न ही संस्था २०१३पासून ती चालवते. तिथे महाविद्यालयाच्या नावाने ‘कम्युनिटी’ उघडता येते आणि प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे संदर्भासाठीचा कायमचा क्रमांक, फुकट मिळतो. नॅकच्या तोंडावर घाईने उभी केलेली आणि समिती परतल्यावर बंद पडलेली रेपॉझिटरी पाहिली की हा सल्ला पटतो.

डीस्पेस घेतलंत तर पहिल्याच दिवशी हँडलचं बघा. प्रत्येक नोंदीचा एक कायमचा पत्ता असतो, त्याला हँडल म्हणतात. त्याचा पहिला भाग संस्थेचा क्रमांक असतो. शोधगंगेचा १०६०३ आहे. नव्या डीस्पेसमध्ये तिथे १२३४५६७८९ हा नमुन्याचा आकडा भरलेला असतो. तो बदलायचा, हँडल व्यवस्थेकडे नोंदणी करून आपला क्रमांक घ्यायचा, वर्षाची छोटी फी भरायची. अनेक ठिकाणी हे राहून जातं. आपल्या रेपॉझिटरीच्या पत्त्यात १२३४५६७८९ दिसत असेल, तर आपला ‘कायमचा पत्ता’ कायमचा नाही. उद्या सर्व्हर बदलला की संदर्भसूचीत दिलेले सगळे दुवे मेले.

मराठी प्रबंधाची खरी अडचण: फाँट

इथे जरा थांबू, कारण मराठीतल्या संशोधनाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

एखाद्या मराठी प्रबंधाची पीडीएफ उघडा. एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जशीच्या तशी देवनागरी आली तर उत्तम. पण ‘महाराष्ट्र’च्या जागी डोक्यावर टिंबं आणि शेपट्या असलेली रोमन अक्षरं आली, तर तो प्रबंध श्री-लिपी, कृतीदेव, आयएसएम किंवा तसल्याच जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात मराठी नाही. गुगलला जी दिसते ती नोटपॅडमधली गिचमिड. गावोगावच्या टायपिंग सेंटरवर अजूनही अशीच अक्षरजुळणी होते, त्यामुळे ही अडचण फक्त जुन्या प्रबंधांची आहे असं समजू नका.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पहिला, मूळ वर्ड किंवा पेजमेकरची फाइल मिळवून ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतांत आणणं. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांची मांडणी वेगळी निघते आणि रफार, अनुस्वार, जोडाक्षरं यांची वाट लागते. तीनशे पानांचं मुद्रितशोधन कोण करणार?

दुसरा मार्ग मला जास्त व्यवहारी वाटतो. छापलेलं पान डोळ्यांना बरोबर दिसतंच आहे, तर मग पानाचं चित्र करून त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन चालवायचं. ओसीआरला आतला फाँट कुठला आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पानावर दिसतं ते ते वाचतं. टेसेरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचतं, आणि ओसीआरमायपीडीएफ त्याच्या मदतीने पीडीएफमध्ये न दिसणारा मजकुराचा थर घालून देतं. भाषा निवडताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही निवडा, कारण संदर्भसूचीत इंग्रजी असतंच. जुना गिचमिड थर काढून टाकण्यासाठी सक्तीने ओसीआर करण्याचा पर्याय द्यावा लागतो. नाहीतर फाइलमध्ये आधीच मजकूर आहे असं समजून ते काम नाकारतं. चुका राहतील. कोष्टकं तर बहुधा बिघडतील. पण शोधापुरतं काम होतं, आणि वाचणाऱ्याला पान मूळचंच दिसतं.

स्कॅन करताना ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) ठेवा. साधा मजकूर कृष्णधवल, फक्त नकाशे आणि छायाचित्रं रंगीत. याचं कारण फाइलचा आकार. गुगल स्कॉलरच्या सूचनांनुसार पूर्ण मजकुराची फाइल ५ एमबीच्या आत हवी. रंगीत स्कॅन केलेला प्रबंध सहज त्याच्या दहापट जातो. मजकुराची एक फाइल आणि छायाचित्रं-परिशिष्टांची दुसरी, असं केलंत तर बहुतेक प्रबंध मर्यादेत बसतात. मात्र प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, प्रकरण एक, प्रकरण दोन अशा बारा तुकड्यांत प्रबंध कापू नका. एकापेक्षा जास्त फाइली असतील तर डीस्पेसमध्ये मजकुराची फाइल ‘प्रायमरी’ म्हणून निवडा, नाहीतर स्कॉलरला पहिली म्हणून प्रमाणपत्राची फाइल मिळायची.

युनिकोडमध्ये टाइप केलेला प्रबंधही निर्धास्त सोडू नका. काही प्रोग्रॅम पीडीएफ करताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे टाकतात, जोडाक्षरं तोडतात. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द ठरू शकतात. शेतकरी आत्महत्यांवरचा एखादा प्रबंध एवढ्याशा कारणाने शोधात निसटावा, हे फार वाईट. निदान शीर्षक, सारांश आणि विषयशब्द यांत तरी सगळीकडे एकच पद्धत ठेवा, आणि काम करणाऱ्या सगळ्यांना एकच कीबोर्ड वापरायला सांगा.

नोंद भरताना

फाइल वाचता आली नाही तरी नोंदीचं पान वाचता येतं. म्हणून नोंद नीट भरणं हा सगळ्यात स्वस्त आणि लगेच फळणारा उपाय आहे. समजा, ‘सोलापूर जिल्ह्यातील यंत्रमाग कामगारांचे आर्थिक जीवन’ असा एक प्रबंध आहे. नेहमीची नोंद अशी असते: शीर्षक रोमन कॅपिटलमध्ये, लेखकाच्या रकान्यात ‘डॉ.’सकट नाव आणि शेजारी मार्गदर्शकाचंही नाव, तारीख म्हणून चढवल्याचा दिवस, सारांश कोरा, विषय ‘अर्थशास्त्र’.

आता तीच नोंद दुरुस्त करू. शीर्षक देवनागरीत, मुखपृष्ठावर आहे तसं. पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात इंग्रजी भाषांतर आणि दुसऱ्या ओळीत रोमन लिप्यंतर, कारण परदेशातला अभ्यासक बहुधा तेच टाइप करतो. लेखक: आडनाव, स्वल्पविराम, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव. पदव्या आणि ‘श्री.’, ‘सौ.’ काढून टाका. मार्गदर्शकासाठी वेगळा रकाना असतो; त्यांना लेखकाच्या रकान्यात टाकलंत तर स्कॉलर त्यांना सहलेखक समजेल. तारीख म्हणजे प्रबंध सादर झाल्याचं किंवा पदवी मिळाल्याचं वर्ष. १९८७चा प्रबंध २०२४चा म्हणून झळकतो, तो याच रकान्यामुळे. भाषा मराठी. प्रकाराच्या रकान्यात ‘पीएच.डी.’ न लिहिता इंग्रजीत ‘थीसिस’ असा शब्द लिहा. डीस्पेस तो पाहूनच स्कॉलरला कळवतं की हा प्रबंध आहे आणि संस्था अमुक.

सारांशावर वेळ खर्च करा. मराठीत दोनशे-अडीचशे शब्द आणि इंग्रजीत तेवढेच. कुठला भाग, कुठला काळ, कोणती पद्धत, काय निष्पन्न झालं हे त्यात आलंच पाहिजे. ‘प्रस्तुत संशोधनात सदर विषयाचा सखोल ऊहापोह केला आहे’ असल्या वाक्याने शोधात काडीची मदत होत नाही. विषयशब्दांत लोक खरोखर जे टाइप करतील ते द्या: यंत्रमाग, सोलापूर, सोलापुरी चादर, टेरी टॉवेल, वस्त्रोद्योग, असंघटित कामगार. ‘अर्थशास्त्र’ एवढ्यावर भागत नाही.

नावांचा गोंधळ मिटवायला ऑर्किड, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घ्यायला लावा. ‘पाटील एस. बी.’ महाराष्ट्रात किती असतील, मोजायलाच नको. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकांचं काम दोन नावांत वाटलं जातं, तेही सोळा आकडी ऑर्किडमुळे एकत्र येतं. नोंदणी मोफत आहे. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्येच एका तासिकेत सगळ्यांची करून टाका.

काय ठेवता येतं, काय नाही

प्रबंधाचा पहिला हक्कदार साधारणपणे लेखकच असतो. म्हणून प्रबंध स्वीकारतानाच एका पानाचं संमतिपत्र घ्या: रेपॉझिटरीत ठेवायला परवानगी, कोणता क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (इतरांनी मजकूर कसा वापरावा ते सांगणारा), आणि थांबायचं असेल तर किती काळ. पुस्तक काढायचं असेल किंवा पेटंटचा अर्ज असेल तर वर्ष-दोन वर्षांचा निर्बंध घालायला हरकत नाही. डीस्पेसमध्ये तो फाइलवर घालता येतो. नोंद आणि सारांश मात्र पहिल्या दिवसापासून उघडे राहू द्या.

शोधनिबंधांचं गणित वेगळं आहे. प्रकाशकाने मांडणी करून दिलेली अंतिम पीडीएफ बहुधा ठेवता येत नाही. परीक्षकांच्या सूचनांनंतर स्वीकारली गेलेली, लेखकाच्या स्वतःच्या वर्डमधली प्रत मात्र अनेक प्रकाशक काही महिन्यांनंतर ठेवू देतात. नियतकालिकाचं धोरण ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ (पूर्वीचं ‘शेर्पा रोमिओ’) या सेवेत बघता येतं. प्राध्यापकांना निबंध स्वीकारल्याची ईमेल येते, त्याच दिवशी ती प्रत मागून घ्या. सहा महिन्यांनी मागाल तर ‘जुन्या लॅपटॉपमध्ये होती’ असं उत्तर मिळेल. जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या निधीतून काम झालं असेल, तर डिसेंबर २०१४च्या मुक्त प्रवेश धोरणाचा आधार घ्या. साशंक प्राध्यापकांना ते दाखवलं की बोलणं लवकर संपतं.

मराठी नियतकालिकांत लेखकाशी लेखी करार क्वचितच होतो. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी असावं लागतं, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. म्हणजे बऱ्याच मराठी लेखांचे हक्क लेखकाकडेच असतात. तरी संपादकांना एक पत्र टाका. ते सहसा आनंदाने हो म्हणतात.

चढवण्याआधी परिशिष्टं चाळाच. समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत उत्तरदात्यांची नावं, गावं, मोबाइल क्रमांक, भरलेल्या प्रश्नावल्या जशाच्या तशा असतात. ती पानं सार्वजनिक प्रतीतून वगळा. सह्यांची पानंही उघड ठेवायचं कारण नाही.

सर्व्हरची दारं

हे काम संगणक विभागाचं, पण प्रश्न आपणच विचारायचे. रेपॉझिटरी कॅम्पसबाहेरून उघडते का? एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र चालू आहे का? रोबोट्सच्या फाइलमध्ये (शोधयंत्रांच्या बॉटांना काय वाचू द्यायचं ते सांगणारी फाइल) सगळ्यांनाच मज्जाव केलेला नाही ना? फायरवॉल परदेशी पत्ते अडवते का? गुगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो, त्यामुळे ‘फक्त भारत’ अशी सेटिंग म्हणजे दार बंदच. हल्ली एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्या बॉटांनी सर्व्हर वाकतात हे खरं, पण त्यांना अडवताना गुगलबॉटलाही अडवू नका. डीस्पेस ७ किंवा पुढचं असेल तर दर्शनी भाग सर्व्हरवरच तयार होऊन जातो ना आणि साइटमॅप (सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी) रोज बनतो ना, हेही विचारा. साइटमॅप गुगल सर्च कन्सोलमध्ये एकदा नोंदवून ठेवा. आणि पीडीएफ उघडायला लॉगिन मागत असाल, तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

ओएआय-पीएमएच ही नोंदी इतरांना देण्याची सुविधा चालू असेल तर दुसऱ्या यंत्रणा आपल्या नोंदी आपणहून उचलतात. रेपॉझिटरी ओपनडोअर या जगभरच्या रेपॉझिटऱ्यांच्या यादीत नोंदवा, मग जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाच्या ‘बेस’ आणि इंग्लंडच्या ‘कोअर’ या शोधसेवांमध्ये. तीनही ठिकाणी नोंदणीला पैसे लागत नाहीत.

यानंतर धीर धरा. नव्या नोंदी स्कॉलरमध्ये तुलनेने लवकर येतात, पण आधीच आलेल्या नोंदीतली दुरुस्ती तिथे दिसायला सहा-नऊ महिने, कधी वर्षही लागतं. म्हणूनच पहिल्यांदा नोंद बरोबर भरण्याला इतकं महत्त्व आहे. दर तीन महिन्यांनी वहीतले दहा प्रबंध पुन्हा शोधा आणि फरक मांडा. डाउनलोडचे आकडे बॉटांमुळे फुगतात. त्यांच्यावर अहवाल बेतू नका.

रोजचं काम आणि जुना साठा

बॅकअप घेताना दोन गोष्टी लागतात: पोस्टग्रेसचा डेटाबेस आणि असेटस्टोअर हे फोल्डर. डेटाबेसमध्ये नोंदी असतात, असेटस्टोअरमध्ये फाइली. एकाचाच बॅकअप घेतला तर दुसऱ्याशिवाय त्याचा उपयोग नाही. एक प्रत कॅम्पसच्या बाहेर हवी, आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या मशीनवर उतरवून चालते का ते बघायला हवं.

नव्या प्रबंधांसाठी परीक्षा विभागाशी बोलून एक अट घालून घ्या: व्हायवानंतर दुरुस्त केलेली पीडीएफ, मूळ वर्ड फाइल, दोन भाषांतला सारांश आणि संमतिपत्र एकत्र आल्याशिवाय ग्रंथालयाचं ‘नाहरकत’ मिळणार नाही. सीडी घेणं बंद करा. युनिकोडची अट नोंदणीच्या वेळीच छापील सूचनांत द्या. प्रबंध टाइप झाल्यावर सांगून उपयोग नाही.

जुन्या साठ्याला एकदम हात घालू नका. कपाटातल्या सीडी आधी कॉपी करून घ्या, कारण त्या खराब होत चालल्या आहेत. मग ज्या प्रबंधांसाठी बाहेरून विचारणा येते त्यांची यादी करा. आंतरग्रंथालयीन मागण्यांच्या रजिस्टरात ती बहुतेक तयारच असते. त्यानंतर आपल्या परिसराबद्दलचे प्रबंध घ्या: स्थानिक बोली, जिल्ह्याचा इतिहास, नद्या, पिकं, बाजारपेठा. हे संशोधन जगात दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, त्यामुळे ते सापडू लागलं की वाचक लगेच येतात. लेखकाचा पत्ता लागत नसेल तर फाइल बंद ठेवा, पण नोंद आणि सारांश चढवा, आणि ‘प्रत मागवा’ची सोय चालू ठेवा. पुष्कळदा स्वतः लेखक किंवा त्यांची मुलंच ती नोंद पाहून ग्रंथालयाला फोन करतात. तेव्हा संमतिपत्राचा कोरा नमुना टेबलावर तयार असू द्या.